जावळाच्या तीन रात्री

दिघा
१७ फेब्रुवारी २०२५

मालतीबाय,

पत्र बघून दचकू नका, कोन मेलं नाय. फोन का नाय केला ते सांगते. मागे मी तुमच्या दिपेशला फोनवर दोन शब्द बोलले, ते त्याने रेकॉर्ड करून पेनड्राइव्हवर कोर्टात दिले. माझ्या शिव्या आता सरकारी झाल्या. आमची वकीलबाय म्हनते, आजी, या फोनला हात लावायचा नाय. म्हनून लिहिते. मी दुसरी पास, तिसरीत बापाने मिठागरावर नेलं, तेव्हा अक्षराला नावं ठेवू नका. पत्र सुक्या मच्छीच्या टेम्पोवाल्या गोटीरामच्या हातून देते. तो तुमच्या जासईचा, पन तोंडाचा घट्ट. माझ्या जागृतीला यातलं कायच माहीत नाय, तुमच्या पोराला पन कळू देऊ नका. विहिनी-विहिनींचं विहिनींत राहू दे.

परवा कोर्टाचा कागद आला. जागृतीने वाचून दाखवला आन वाचता वाचता तिचं तोंड पांढरं पडलं. आतापर्यंत कसं, पहिला आन तिसरा रविवार, सकाळी दिपेशने नातीला, उन्नतीला न्यायची, सहाला परत. ते दीड वर्ष चाललंय, रडतखडत का होईना. आता तुमचा दिपेश म्हनतो, ते बदला. चैत्राच्या जत्रेला तीन रात्री पोरगी माझ्याकडे द्या, कार्ल्याच्या आईला जावळ वाहायचं हाय. आन तिथून पुढे दर शनिवारी मुक्कामाला. खाली लिहिलंय, घरात माझी आई मालतीबाई हाय, रात्री पोरीला ती सांभाळेल. तुमाला विचारून लिहिलं का नुसतं लिहिलं?

मी भिते, मालतीबाय. लोकं मला तोंडाळ समजतात, समजू दे. पन रविवारी साडेपाच वाजले की मी गेटाशी जाऊन उभी राहते. वॉचमन खुर्ची देतो, मी बसत नाय. तुमच्या पोराची बाइक वळनावर दिसली की मग घरात जाऊन मी उगाच जागृतीवर खेकसते. एका दिवसाचं हे, तर तीन रात्रींचं काय होईल?

एकच विचारते, गोल गोल उत्तर देऊ नका. पोरगी परत येईल ना?

पुतळा


जासई
२१ फेब्रुवारी २०२५

पुतळाबाई, नमस्कार.

पत्र मिळालं. बोंबलाचा वास होता, पण अक्षर कळलं.

तुम्ही एवढ्या घाबरून गेलात, मला वाईट वाटलं. दिपेश बाप आहे तिचा. बाप काय करणार पोरीला? उन्नती वेळेआधी जन्मली, काचेच्या पेटीत होती, तेव्हा मीच देवीला बोलले होते, पोर वाचव, तुझ्या पायाशी हिचं जावळ काढीन. चार वर्षं झाली. आधी तुमच्या घरात सुतक, मग आमच्या घरात यांचं जाणं, मग पोरांची भांडणं. केसांना कात्री लागली नाही. मला झोप लागत नाही त्या विचाराने. देवीचं राहिलेलं वाईट असतं, तुम्हाला मी काय सांगायचं.

दिपेश म्हणाला, आई, या चैत्रात करून टाकू, सगळं मी बघतो. मला इतकं बरं वाटलं. मी पिवळा परकर-पोलका शिवायला टाकलाय तिच्या मापाचा, अंदाजाने.

त्याने माझं नाव घातलं ते मला आधी माहीत नव्हतं. पण घातलं तर चुकीचं काय? मी आहेच घरात.

तो तापट आहे हे मी नाकारत नाही. पण रविवारी पोरगी सोडून आला की मोरीत जाऊन नळ सोडतो आणि रडतो. त्याला वाटतं मला ऐकू येत नाही.

परत येईल. काळजी करू नका.

आपली,
मालती


दिघा
३ मार्च २०२५

मालतीबाय,

काळजी करू नका म्हनलात, आन काल काय झालं ते आयका.

सहा वाजले. बाइक नाय. साडेसहा झाले, फोन बंद. जागृती कामावरून सुट्टी काढून घरी होती, तिने दहादा लावला. सात झाले. माझा धनेश कंपनीतून आला तसा बूट न काढता परत खाली. मी पायात चपला घातल्या, पोलीस चौकीत जाऊन काय बोलायचं ते तोंडात घोळवत होते. आन कपडे कुठले घातले होते पोरीने ते मला आठवेना! सकाळी मीच घातलेले. निळा का हिरवा? 

आठला आला. हसत. म्हनला, ट्रॅफिक होतं. मी काय बोलले नाय, पेनड्राइव्हची आठवन होती.

रात्री पोरीला भात भरवत होते तर मला म्हनते, "आजी, केम छो?" मी म्हनलं, हे कुठून आनलंस? तर म्हनते, पप्पांनी शिकवलं, मजामा बोलायचं. आन म्हनते, फोटोवाल्याकडे गेलेलो, हसायचं नाय, सरळ बघायचं, शाळेचे फोटो. कुठल्या शाळेचे? शाळेत आमी घालनार, इथे ऐरोलीला, जूनमध्ये. तुमाला काय माहीत असेल तर सांगा.

आता दुसरं. हे मी पोटात ठेवलेलं, पन आता ठेवत नाय. जावळ जावळ करता, मग जावळ कुनाच्या मांडीवर होतं? मामाच्या. बरोबर ना? जगात सगळीकडे मामाच्या मांडीवर. मग माझ्या धनेशला कोनी बोलावलं? नारळ नाय, निरोप नाय, साधा फोन नाय. एकुलता एक मामा हाय पोरीचा, काय गटारातून उचलून आनलाय? त्याने भाचीसाठी चांदीचे वाळे घेऊन ठेवलेत, ते ठेवू कुठे, माझ्या डोक्यावर? कोर्टात आमी तुमचे दुश्मन असू, पन देवीच्या दारात मान तो मान. जागृतीला मी हे बोलले तर म्हनते, आई, तुला मानाचं पडलंय? हो, पडलंय. तुमच्या घरात कधीच आमच्या मानसांना मान नव्हता, लग्नात पन माझ्या दिराला हळदीत मागे बसवलेला, मी विसरले नाय.

लाज असेल तर उत्तर द्या. कोर्टाची तारीख पंचवीस मार्च हाय.

पुतळा


जासई
७ मार्च २०२५

आदरणीय पुतळाबाई यांस,

आपले पत्र मिळाले. आपण समजूतदार आहात. मुलीच्या भल्यासाठी आपण जागृतीला समजावून सांगावे की कोर्टात वाद न करता दिपेशच्या अर्जाला संमती द्यावी. त्यात सर्वांचे हित आहे. दोन्ही कुटुंबांची बदनामी टळेल. मुलीला वडिलांचे प्रेम मिळणे हा तिचा हक्क आहे. आपण संमती दिल्यास पुढील सर्व गोष्टी सामंजस्याने होतील.

आपली नम्र,
मालती


दिघा
१० मार्च २०२५

मालतीबाय,

बाजूला कोन बसला होता?

दहा वर्षं झाली सोयरीक जुळून. तुमी मला कधी "आपन" बोललात? "आदरनीय"? माझ्या लग्नाच्या मानसाने मला आदरनीय केलं नाय, तुमी कुठून करनार? आन मी तुमाला एवढं टाकून बोलले, धनेशवरून, हळदीवरून, त्याचं एक अक्षर उत्तर नाय. मालतीबाय जर मालतीबाय असती तर तिने मला हळदीचं उलटं सुनावलं असतं.

म्हंजे त्याने पत्र पकडलं. हे पन तो वाचनार का? मग वाच रे दिपेश, नीट वाच. तुझी सासू शिव्या लिहून पन देते, रेकॉर्ड करायला नको.

नसेल वाचत, तर मालतीबाय, तुमी उत्तर देऊ नका. घरात शांत राहा, त्याला उलट बोलू नका. मी आधी फक्त पोरीसाठी भीत होते, आता तुमचं पन मध्येच डोक्यात येतं, ते मला नको हाय, पन येतं. गोटीरामला म्हनलंय, बाय एकटी असेल तरच हातात दे, नायतर टेम्पोतच ठेव.

पुतळा


जासई
१५ मार्च २०२५

पुतळाबाई,

काल धुळवड झाली. सगळे पुरुष रंगून-पिऊन झोपलेत, दिपेशही. म्हणून आज लिहिता येतंय. ते मागचं पत्र माझ्या हाताचं, पण शब्द त्याचे. गोटीराम पत्र देऊन गेला तेव्हा तो दारातच उभा होता. ओरडला नाही. शेजारी बसला, म्हणाला, लिही आई. मी लिहिलं. शाळेत शुद्धलेखन घालतात तसं.

आता खरं सांगते. मला तुमचा राग आला होता धनेशवरून. मी तुम्हाला चांगलं खरमरीत लिहिणार होते, की अहो, बोलावणं आमच्याकडून जायचंच आहे, दिपेश सगळं बघतोय, थोडी कळ काढा. आणि लिहायला बसले तर हात थांबला. कधी जाणार बोलावणं? जत्रा तोंडावर आली. मामाला बोलावल्याशिवाय जावळ? मी चार पोरांची जावळं बघितली या घरात. आधी मामाचं ठरतं, मग बाकीचं.

मी पुढच्याच दिवशी दिलीपकडे गेले. आमच्या गावची पालखी तोच नेतो, बस तोच ठरवतो, कुणाचा नवस, कुणाचा बकरा, सगळं त्याला माहीत. मी सहज विचारल्यासारखं विचारलं, आमच्या दिपेशची किती माणसं धरलीस? तो म्हणाला, "काकी, दिपेशने तर नावच दिलं नाही. मी विचारलं तर म्हणाला यंदा जमणार नाही. जावळ असतं तर मीच नसता का धनेशला फोन केला?"

पुतळाबाई, मी त्याच्या ओट्यावरच बसले. पाणी मागितलं.

जावळ नाहीच आहे. देवीचं नाव पुढे केलंय.

रात्री दिपेशला विचारलं. तो खोटं बोलला नाही, तेवढं म्हणीन. कंपनीने त्याची बदली मुंद्र्याच्या यार्डला केलीय, गुजरातेत. खोली बघून झाली. पोरीची शाळासुद्धा. तीन रात्री मिळाल्या की गाडीने निघायचं, एकदा तिकडे गेलं की कोर्ट काय करतंय बघू, असं त्याच्या कुणी मित्राने डोक्यात भरवलंय. आणि मला म्हणाला, "आई, तूही चल. तू असशील तर पोरगी रडणार नाही."

हे मी तुम्हाला आठ दिवस आधी कळवू शकले असते. नाही कळवलं. का, तेही लिहिते. मला वाटलं, जावं. यांच्यामागे या घरात भिंतींशी बोलते मी. सकाळी उठून तिची वेणी घालायची, डबा भरायचा. चार दिवस मी मनात तिकडे राहून आले. पिवळा परकर शिवून आला होता, तो घडी करून पिशवीतही भरला.

मग तुमचं ते निळा का हिरवा आठवलं. सकाळी घातलेले कपडे आठवेनात ते. आणि पिशवी रिकामी केली.

पण माझ्याकडून कोर्टात काही बोलवून घेऊ नका. तो माझा एकच आहे. हे पत्र वकिलाला दाखवलंत तर मी म्हणेन माझं नाही.

मालती


दिघा
१७ मार्च २०२५

मालतीबाय,

पत्र वाचलं आन गॅसवर धरलं. जागृती म्हनली, काय जळतंय, मी म्हनलं पापड. तेव्हा वकिलाची भीती सोडा.

काल रविवार होता. पोरीला ताप हाय म्हनून दिली नाय. ताप नव्हता. ती आत टीव्हीसमोर नाचत होती आन मी दारात उभी राहून तुमच्या पोराला सांगत होते अंग भाजतंय. त्याने माझ्या खांद्यावरून आत बघितलं.  मोबाइल काढला, दाराचा फोटो घेतला, आतून येनारं गानं रेकॉर्ड केलं आन गेला. वकीलबाय माझ्यावर इतकी ओरडली, म्हनते, आजी, आता ते सांगनार की तुमीच भेट अडवता, जज त्याच्या बाजूला झुकेल. म्हंजे मी वाचवायला गेले आन त्याच्या हातात दगड दिला. आता तीन रात्री मिळायची जास्त भीती.

जागृतीला मुंद्र्याचं सांगितलं नाय. सांगितलं असतं तर ती पोरीला घेऊन आजच कुठेतरी पळाली असती आन मग चोर ती ठरली असती. मी एकटीच हे घेऊन बसलेय. जेवन जात नाय. जिन्यात पाय वाजला की मी आधी पोरगी कुठे ते बघते. काल दूधवाला होता.

आता तुमाला सरळ सांगते. तुमी कोर्टात यायचं आन मुंद्र्याचं बोलायचं. आमी बोललो तर कोन ऐकनार? सासूचा आरोप म्हनतील. तुमी बोललात तर आई बोलतेय. एकुलता एक हाय म्हनता, मग माझी जागृती काय मला बाजारात स्वस्त मिळालेली? तुमी जायचा विचार केलात ते लिहिलंत, बरं केलंत. मी तुमच्या जागी असते तर केला नसता असं म्हननार नाय. पन चार दिवसांचं स्वप्न तुमचं झालं. ज्या आईची पोर जाईल तिचं जन्मभर चालेल.

तुमचा पोरगा मोरीत रडतो. रडू दे. नळ सोडून रडनाऱ्यानेच माझ्या जागृतीचा हात पिरगळलेला, ते तुमी बाजूच्या खोलीतून आयकलेलं. मी तुमाला तेव्हा विचारलं नाय, आता पन विचारत नाय. पंचवीस तारखेला या.

पुतळा


जासई
२२ मार्च २०२५

पुतळाबाई,

येते. त्यानेच बोलावलंय, त्याच्या बाजूने. वकिलाने मला तीनदा पढवलं, काय विचारलं की काय सांगायचं. घरात सूटकेस भरून तयार आहे, पलंगाखाली. मी तिच्यावर झोपते.

तुम्ही म्हणता ते माझ्या तोंडून निघेल असं मला वाटत नाही. तिथे माझ्याकडे बघू नका. बघितलंत तर मला काहीच बोलता येणार नाही.

मालती


दिघा
२६ मार्च २०२५

मालतीबाय,

बघितलं नाय तुमच्याकडे. तुमी सांगितलं म्हनून भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत बसले. घड्याळ बंद होतं.

तुमी उभ्या राहिलात तेव्हा जागृतीने माझा हात धरला, तिची नखं रुतली. जजबायनी विचारलं, आजी, अर्जात लिहिलंय तुमी रात्री मुलीला सांभाळनार, सांभाळाल ना? आन तुमी आधी पदर सारखा केलात.  मला वाटलं आता ही बाय पढवलेलं बोलते आन संपलं. तुमच्या पोराने हळूच "आई" म्हनलं, ते पन आयकलं मी.

मग तुमी बोललात, "नाही. मी रात्री पोरगी सांभाळणार नाही. यात्रेलाही नाही, घरीही नाही."

जजबाय म्हनल्या, तब्येतीमुळे का? तुमी म्हनलात, "तब्येत चांगली आहे. मला सांभाळायचं नाही."

बस. मुंद्र्याचं नाव नाय, पोराची चुगली नाय. मी बसल्या जागी तुमाला शिव्या घालत होते, की बोल, बाय, पुढचं बोल! पन जजबायनी पेन खाली ठेवलं आन तुमच्याकडे बघत राहिल्या. मग त्यांनी दिपेशला विचारलं, आई नाय म्हनते, मग रात्री घरात कोन? जावळाला मुलीच्या आईकडचं कोन येनार? तो वकिलाच्या कानात बोलत राहिला. बाहेर लोकं म्हनत होती, काय आजी हाय, नातीला नको म्हनते. मी त्यांना काय सांगनार?

हुकूम तुमी आयकलाच, पन कागद आमाला मिळाला म्हनून लिहिते. रात्रीचा मुक्काम नाय. जिल्ह्याबाहेर न्यायची नाय. मागे आठला आनली ते धरून रविवारचं पन बंद केलं. आता महिन्यातून दोन शनिवार कोर्टातल्या मुलांच्या खोलीत, मॅडमच्या समोर, दोन तास, फक्त बापाला. माझ्या तापाच्या खोट्याबद्दल मला पन झापलं, ते खाल्लं मी.

म्हंजे जासईला आता पोरगी येनार नाय. तुमी हे माहीत असून बोललात का माहीत नसताना, मला कळत नाय.

जागृतीला सुटल्यासारखं झालंय, मला नाय. बाहेर पडताना मी बघितलं, तुमी त्याच्याच बाइकवर मागे बसलात. दुसरी कसली सोय नव्हती? त्याने हेल्मेट घातलेलं, तोंड दिसलं नाय. गाडी वळली तेव्हा मी पहिल्यांदा तुमच्यासाठी देवीला बोलले. मला बोलता येत नाय धड, जसं आलं तसं बोलले.

दोन ओळी लिहा. घरी पोचले, एवढंच लिहा.

पुतळा


दिघा
२ एप्रिल २०२५

मालतीबाय,

उत्तर नाय. गोटीराम म्हनतो, दाराला आतून कडी हाय, हाक मारली तर कोन बोलत नाय, पन दिवा जळतो. मी त्याला म्हनलं, शेजारी विचार. शेजारी म्हनतात, आतल्या भानगडीत आमी पडत नाय.

पोलिसांना काय सांगू? की विहीन पत्राला उत्तर देत नाय?

कालपासून माझ्या कानात तुमचं ते "नाही" आन बाइकचा आवाज एकामागे एक येतात. तुमी जिवंत असाल तर एक काडी दाराबाहेर टाका, गोटीराम उचलून आनील.

पुतळा


जासई
८ एप्रिल २०२५

पुतळाबाई,

जिवंत आहे. तुमची पत्रं गोटीरामने टेम्पोतच ठेवलेली, आज हातात दिली.

तुम्ही जे समजलात ते झालं नाही. हात नाही लावला त्याने. त्या दिवशी बाइक उरण फाट्याला थांबवली, मला खाली उतरवलं आणि म्हणाला, चालत ये. मी चालत आले. मग तो बारा-तेरा दिवस घरात होता आणि माझ्याशी एक शब्द बोलला नाही. माझा फोन काढून घेतला. मी भात वाढला की उठायचा, बाहेरून वडापाव आणून माझ्यासमोर खायचा. कडी त्यानेच घातलेली. मी एकदा काढायला गेले तर फक्त बघितलं माझ्याकडे. मला माझ्या पोराची भीती वाटते असं मी याआधी कधी स्वतःलासुद्धा बोलले नव्हते.

परवा जत्रा झाली. काल तो गेला, मुंद्र्याला, एकटा. पलंगाखालची सूटकेस घेऊन. जाताना म्हणाला, "पोरगी गेली, आता आईही गेली." शनिवारी यायचं ठरलं तर येईन म्हणाला, नाही तर नाही.

तुम्ही विचारलंत, माहीत होतं का. माहीत होतं. वकिलाने आधीच सांगितलं होतं, आजी नाही म्हणाली तर पोरगी घरी यायची बंद.

आता माझं एक मागणं आहे, आणि मागायचा हक्क नाही हेही कळतं. कागदावर बापाचंच नाव आहे. मी कुठे जाऊन उभी राहू? जागृतीला विचाराल का? पोरीला लांबून बघेन. बोलणारसुद्धा नाही.

मालती


दिघा
१२ एप्रिल २०२५

मालतीबाय,

जागृतीला सगळं सांगितलं. मुंद्र्याचं, पत्रांचं, जावळाचं. ती आधी माझ्यावर ओरडली, मग रडली. मग मी तुमचं मागनं सांगितलं.

नाय म्हनाली.

मी तुमाला खोटा धीर देनार नाय. ती म्हनते, त्यांनी माझ्यासाठी केलं ते मी जन्मात विसरनार नाय, पन जिथे त्या येतील तिथे मागून तो येईल. आन तुमच्या पोराला तुमचा पत्ता सापडायला वेळ लागत नाय. ती चुकते असं मला म्हनवत नाय. जिन्यात पाय वाजला की आजून ती पोरीला आतल्या खोलीत ढकलते.

तेव्हा मी तुमाला बोलावत नाय. हे नीट वाचा, मी बोलावत नाय. मी फक्त माझं सांगते. दर बुधवारी बालवाडी सुटली की मी आन उन्नती तळ्याजवळच्या बाजारात जातो. मी भाजी बघते, ती उसाचा रस पिते, अर्धा अंगावर सांडते. गुऱ्हाळाच्या समोर एक बाकडं हाय. बाकडं म्युन्सिपाल्टीचं हाय, कोनी पन बसू शकतं. बाजूला बसलेल्या म्हातारीशी पोरगी बोलली तर मी काय तिचं तोंड दाबनार? ती सगळ्यांशी बोलते.

जागृतीला कळलं तर ती मला पन शनिवारच्या खोलीत दोन तास भेटेल, मॅडमच्या समोर.

एकट्या या. गोटीरामच्या टेम्पोतून नको, दोन बसा बदलून या. फोन परत मिळाला असेल तर घरी ठेवा. बाजाराच्या तोंडाशी उतरलात की लगेच आत येऊ नका. भाजीवालीपाशी थांबा, दोडके हातात घ्या, भाव करा, आन मागे बघा. कोन नसेल तर या. कोनी बाइकवर दिसला, हेल्मेटवाला, कोनी पन, तर तशाच परत जा, आमच्याकडे बघू पन नका.

मी तुमाला ओळख देनार नाय. माझं लक्ष रस्त्याकडे असेल. पोरीकडे तुमी बघा.

पुतळा